मोठं झाकण छोट्या पातेल्यावर : एकच फिल्टर सगळ्या लेन्सना कसा वापरायचा

मागच्या आठवड्यात साताऱ्याहून मावसभावाचा फोन आला. "दादा, पोलरायझर घ्यायचाय, पण माझ्याकडे तीन लेन्स आणि तिन्हीचं माप वेगळं, मग तीन घ्यावे लागणार का?" त्याच्याकडे कॅननची किटसोबत आलेली १८-५५, पोर्ट्रेटसाठी घेतलेली ५० एफ १.८ आणि नुकतीच हौसेनं घेतलेली १०-१८. पोलरायझर म्हणजे परावर्तनाची चमक कमी करणारा, लेन्सच्या तोंडावर बसवायचा फिल्टर. चांगला घ्यायचा म्हणजे काही हजारांचं काम, ते तीनदा करायचं तर लेन्सपेक्षा फिल्टर महाग पडायचे. त्याला फोनवर अर्धा तास समजावलं, तरी मधेच "म्हणजे मोठी रिंग कुठल्या बाजूला?" असं चालूच होतं, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढावं, अजून कुणाला उपयोग होईल.

आधी माप कसं बघायचं ते. लेन्सच्या तोंडाशी किंवा कडेला बारीक अक्षरात एक खूण असते, शून्याला तिरका छेद दिल्यासारखी, आणि तिच्या शेजारी आकडा. तो आकडा म्हणजे लेन्सच्या पुढच्या आट्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हाच आकडा बऱ्याचदा लेन्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही असतो. इथे नवीन लोकांची हमखास गल्लत होते कारण लेन्सवर अजून एक मिमी लिहिलेलं असतं. ५० एफ १.८ वरचं ५० म्हणजे फोकल लेंग्थ, लेन्स किती जवळ ओढते ते सांगणारा आकडा, फिल्टरचं माप नाही. त्या लेन्सच्या एसटीएम मॉडेलला फिल्टर लागतो ४९ चा. भावाच्या १८-५५ ला ५८ आणि १०-१८ ला ६७. म्हणजे ४९, ५८, ६७. निकॉनवाल्यांकडेही तेच, एएफ-पी १८-५५ ला ५५ आणि ७०-३०० डीएक्स ला ५८, किटमधल्या दोन लेन्सनासुद्धा एक माप नाही.

मग कंपन्या सगळ्यांना एकच माप का देत नाहीत? याचं कारण कळलं ना की पुढचं सगळं सोपं जातं. एफ नंबर म्हणजे काय, तर फोकल लेंग्थला प्रकाश आत येतो त्या भोकाच्या व्यासानं भागलं की येणारा आकडा. उलटं करा. २०० मिमी, एफ २.८ हवाय तर २०० भागिले २.८, म्हणजे साधारण ७१ मिमी. पुढून बघितलं तर एवढं भोक दिसलंच पाहिजे, म्हणजे पुढची काच त्याहून लहान असूच शकत नाही, म्हणून ७०-२०० एफ २.८ लेन्स बहुतेक ७७ च्या आट्यांच्या असतात. सिग्माची १५०-६०० घ्या, ६०० भागिले ६.३ म्हणजे जवळजवळ ९५, आणि तिच्या कंटेम्पररी मॉडेलला फिल्टर बरोब्बर ९५ चाच लागतो. हा हिशोब पहिल्यांदा जुळला तेव्हा मला खरंच भारी वाटलं होतं.

पण वाइड लेन्सला हे गणित लागू होत नाही. १०-१८ चं १० मिमीला एफ ४.५ म्हणजे भोक फक्त सव्वादोन मिमीचं, तरी तोंड ६७ चं! कारण ती लेन्स जवळजवळ १०७ अंशातलं सगळं बघते, कडेचा प्रकाश एकदम तिरका येतो आणि त्याला आत यायला वाट पाहिजे म्हणून पुढची काच पसरट ठेवावी लागते. हे लक्षात ठेवा, फिल्टर लावल्यावर फोटोचे कोपरे कधीकधी काळे का होतात याचं उत्तर इथेच आहे.

आता मूळ युक्ती. घरात एक मोठं झाकण असलं की ते छोट्या पातेल्यावरही चालतं, मोठ्यावरही चालतं. लहान झाकण मोठ्या पातेल्यात पडतं. फिल्टरचं अगदी तसंच आहे. सगळ्यात मोठ्या तोंडाच्या लेन्सच्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्यायचा आणि बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग लावायची. ही रिंग म्हणजे मधे काच नसलेली धातूची चकती, एका बाजूला लहान आटे, दुसऱ्या बाजूला मोठे. लहान बाजू लेन्समध्ये जाते, मोठ्या बाजूत फिल्टर बसतो. काही शे रुपयांत मिळते. तिच्यात काच नाही म्हणजे फोटोच्या क्वालिटीवर तिचा काही परिणाम नाही, त्यामुळे फिल्टरमध्ये पैसे वाचवू नका, रिंगमध्ये वाचले तर चालतील.

रिंगवर दोन आकडे असतात. ५८-७७ लिहिलं असेल तर पहिला आकडा लेन्सचा, दुसरा फिल्टरचा. उलट म्हणजे ७७-५८ असेल तर ती स्टेप-डाउन, मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर बसवणारी. ऑर्डर करताना हे दोनदा वाचा.

स्टेप-डाउन वापरूच नये का? बहुतेक वेळा नाहीच. २०० एफ २.८ च्या पुढे ५८ चा फिल्टर लावला तर ७१ मिमीची वाट तुम्ही स्वतःच ५५ वगैरेवर आणलीत, प्रकाश कमी आणि कोपरे गडद. वाइडवर तर कोपऱ्यात सरळ काळी गोलाईच दिसते आणि एफ ११, एफ १६ केलं तरी ती जात नाही, उलट तिची कड अजून ठळक होते. मात्र ५० एफ १.८ सारख्या लेन्सचं खरं भोक २८ मिमीच्या आसपास आणि आटे ४९ चे, म्हणजे मधे बरीच जागा मोकळी आहे, तिथे थोडा लहान फिल्टर खपून जाऊ शकतो. अडीनडीला करून बघा, पण त्या भरवशावर खरेदी करू नका.

मी हे सगळं शिकलो ते ताम्हिणीत. जुलै महिना, पाऊस नुकताच थांबलेला, रस्त्याच्या कडेला एक धबधबा इतका सुंदर दिसत होता की वाइड लेन्सशिवाय त्यात अर्थच नव्हता, आणि माझ्याकडे पोलरायझर होता तो फक्त ५८ चा. एका हातानं तो ६७ च्या तोंडासमोर धरून फोटो काढायचा प्रयत्न केला, फोटोत फिल्टरची कड, बोटं, आणि काचेच्या मागून शिरलेल्या प्रकाशाचा पांढुरका डाग. तास-दीड तास तिथे होतो आणि मनासारखा एकही फोटो आला नाही. घरी आलो त्याच रात्री मोठा फिल्टर आणि रिंगा मागवल्या.

पावसाळ्यात पोलरायझर कशाला, आकाश तर निळं नाहीच, असं खूप जण म्हणतात. मला तर वाटतं सह्याद्रीत त्याचा सगळ्यात जास्त उपयोग पावसाळ्यातच आहे! ओल्या पानावर ढगांचं पांढरं प्रतिबिंब पडलेलं असतं, त्यामुळे आपल्याला वाटतं तेवढं हिरवं फोटोत येत नाही, एक राखाडी चमक येते. ओल्या काळ्या कातळाचंही तेच. परावर्तित प्रकाश बराचसा एकाच दिशेत कंप पावत असतो, पोलरायझर फिरवत गेलं की एका ठिकाणी तो अडतो आणि पानाचा खरा रंग समोर येतो, डोळ्यादेखत. पाण्याच्या बाबतीत पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशाचा कोन करून बघितलं तर परिणाम सगळ्यात जास्त, तळाचे गोटे दिसायला लागतात. निळ्या आकाशासाठी सूर्याशी काटकोनात बघायचं, तर्जनी सूर्याकडे करा आणि अंगठा काटकोनात ताठ ठेवून मनगट फिरवा, अंगठा जिथे जिथे जाईल तिथे आकाश गडद होईल. म्हणूनच १० मिमीला निळं आकाश घेतलं की एक पट्टा गडद आणि बाजू फिकट असं विचित्र दिसतं, तो फिल्टरचा दोष नाही, फ्रेममध्ये आकाशच इतकं पसरलेलं असतं. तुषारांत इंद्रधनुष्य असेल तर फिल्टर सावकाश फिरवा, एका कोनात ते उठून दिसतं आणि दुसऱ्या कोनात गायब होतं. आणि धातूची चमक यानं जात नाही, तेव्हा भावाला सांगितलं की लग्नात दागिन्यांवरची चमक घालवायला हा लावू नकोस.

माप कुठलं घ्यायचं हा खरा प्रश्न. आज सगळ्यात मोठी लेन्स ६७ ची म्हणून ६७ चा घेतला आणि दोन वर्षांनी ७०-२०० एफ २.८ घेतली की परत खर्च. म्हणून आजची मोठी लेन्स बघू नका, पुढच्या दोन-तीन वर्षांत जी खरंच घेणार आहात ती बघा. बऱ्याच लोकांसाठी ७७ हे बरं माप आहे, ७०-२०० एफ २.८, २४-१०५ एफ ४ अशा पुष्कळ लेन्स त्यात येतात. २४-७० एफ २.८ डोक्यात असेल तर ८२ बघा, कॅननच्या त्या लेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीला ८२ च लागतो. ९५ फक्त एका टेलीसाठी, म्हणजे लांबचं जवळ ओढणाऱ्या लेन्ससाठी, घ्यायला मी सांगणार नाही, किंमत भरमसाट आणि लहान लेन्सच्या तोंडावर तो ताटासारखा दिसतो, वजनही जाणवतं. भाऊ लग्नाचं काम वाढवतोय, ७०-२०० एफ २.८ घेणार हे नक्की, म्हणून त्याला ७७ सांगितला.

मोठ्या फिल्टरचा अजून एक फायदा आहे जो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. वाइड लेन्सवर तिच्याच मापाचे दोन फिल्टर एकावर एक लावले, समजा पोलरायझर आणि एनडी (प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर), की दुसऱ्याची कड कोपऱ्यात यायची भीती असते. पण ६७ च्या लेन्सवर रिंग लावून ७७ चे दोन लावले तर चारी बाजूंनी पाच-पाच मिमी जास्त जागा मिळते, तिरक्या प्रकाशाला वाट मोकळी राहते. तरी एकदा तपासून घ्या. सगळ्यात वाइड करून, फोकस लांबवर, एफ १६, आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा ढगाळ आकाशाचा फोटो काढा, चारी कोपरे मोठे करून बघा. व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका, सुरुवातीच्या रेंजच्या डीएसएलआरमध्ये तो साधारण ९५ टक्केच फ्रेम दाखवतो, आणि काळे कोपरे नेमके उरलेल्या ५ टक्क्यांत असतात.

एनडीचं थोडक्यात सांगतो. तो नुसता काळा चष्मा, प्रकाश कमी करतो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. एनडी ८ म्हणजे ३ स्टॉप, एनडी ६४ म्हणजे ६, एनडी १००० म्हणजे १० स्टॉप. ढगाळ दिवशी धबधब्यावर तुमचा शटर १/३० सेकंद येत असेल तर एनडी ८ नं तो साधारण पाव सेकंद होतो, एनडी ६४ नं २ सेकंद, एनडी १००० नं जवळजवळ ३४ सेकंद. धबधब्याला मला पाव ते एक सेकंद आवडतो, पाण्याचे धागे दिसतात, ३० सेकंदाला सगळं दूध होतं. एनडी १००० लावल्यावर बऱ्याचदा कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही, म्हणून आधी फ्रेम आणि फोकस, मग मॅन्युअल फोकस करून फिल्टर लावायचा. इथे रिंग लेन्सवर आधीपासून लावलेली असली की नुसता फिल्टर अलगद फिरवायचा राहतो, फोकस हलत नाही. व्हेरिएबल एनडी म्हणजे खरं तर एकमेकांसमोर दोन पोलरायझर, वाइडवर जास्त गडद केला की फोटोत फुलीसारखा काळा डाग येतो, त्यामुळे १०-१८ वाल्यांनी साधाच घ्यावा. यूव्हीसाठी हा रिंगांचा खटाटोप करू नका. डिजिटल सेन्सरपुढे यूव्ही अडवणारी काच आधीच असते, आपण तो लावतो ते काचेच्या संरक्षणाला, आणि संरक्षण हवं तर ते प्रत्येक लेन्सला तिच्याच मापाचं आणि कायम लावलेलं पाहिजे.

तोटेही सांगायला हवेत. पहिला म्हणजे हूड, बाजूचं ऊन अडवायला लेन्सच्या तोंडावर लावतात ती कड. ५८ च्या लेन्सवर ७७ ची रिंग चढली की तिचं स्वतःचं हूड बसत नाही. बाजूनं ऊन आलं की फ्लेअर, म्हणजे फोटोत प्रकाशाचे डाग. मी पावसाळ्यात छत्रीची सावली धरतो, नाहीतर तळहात, फक्त तो फ्रेममध्ये येत नाही ना ते बघायचं. आट्यांवर बसणारं रबरी हूड मिळतं पण ते वाइडला कोपरे खातं, टेलीलाच ठीक. दुसरा झाकणाचा. रिंग लावून ठेवायची तर ७७ चं झाकण वेगळं घ्या, अगदी स्वस्त असतं, दोन घ्या, एक नक्की हरवतं.

तिसरा तोटा म्हणजे रिंग अडकणं, आणि यानं मी लोकांना डोंगरात रडकुंडीला आलेलं बघितलंय. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घट्ट बसलं की चिकटल्यासारखं होतं. आपण काय करतो, अंगठा आणि बोटानं दोन बाजूंनी जोरात दाबून फिरवतो, आणि नेमकं तेच चुकतं. दोन बाजूंनी दाबलं की गोल रिंग किंचित लांबट होते आणि आटे अजून अडकतात. जोर सगळ्या बाजूंनी सारखा लागला पाहिजे. जाड रबरबँड कडेला गुंडाळून सगळ्या बोटांनी हलकं धरून फिरवा. नाहीतर स्वच्छ धुतलेली रबरी चप्पल घ्या, हो खरंच, लेन्स उलटी करून फिल्टरची कड तिच्या सपाट तळाला टेकवा आणि लेन्स फिरवा, बहुतेक वेळा निघतं. ही युक्ती साध्या फिल्टरची. पोलरायझरची पुढची कड नुसतीच फिरत राहते, धरायची असते ती मागची बारीक कड, त्याला प्लॅस्टिकचे फिल्टर पाने (स्पॅनर) जोडीनं मिळतात ते बॅगेत ठेवा. पितळी रिंगा महाग पण कमी अडकतात, जी रिंग सारखी काढायची-घालायची ती पितळी घेणं परवडतं. आणि घट्ट करताना थांबली की थांबा, अजून एक पिळा देऊ नका.

लावतानाही घाई नको. स्टीलच्या फिरकीच्या डब्याचं झाकण आपण कसं लावतो, आधी किंचित उलटं फिरवतो, टक असं खाली बसल्यासारखं जाणवतं, मग सुलटं. रिंगेचं तेच. वाकडे आटे चढवून जोर केला तर लेन्सचे आटे जातात, आणि आता बऱ्याच लेन्सचे ते प्लॅस्टिकचे असतात. लावताना हात कॅमेऱ्याच्या बॉडीवर नको, लेन्सच्या पुढच्या नळकांड्यावर ठेवा, नाहीतर सगळा जोर फोकसच्या मोटरवर येतो. जुन्या, एसटीएम नसलेल्या १८-५५ चं तोंड फोकस करताना फिरतं, म्हणजे पोलरायझर जुळवून ठेवला तरी फोकस केला की बिघडतो, तिथे आधी फोकस, मग पोलरायझर. आणि पोलरायझर फिरवताना नेहमी घट्ट होण्याच्याच दिशेनं फिरवायची सवय लावा, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागून बघताना घड्याळाच्या उलट. उलट दिशेनं फिरवत राहिलात तर तो हळूहळू सुटत येतो आणि दरीच्या कडेला उभं असताना हातात फक्त कॅमेरा राहतो.

४९ ते ७७ जायला छोट्या छोट्या रिंगा जोडत न्यायच्या की एकच थेट? एकच. जोडलेल्या रिंगांनी फिल्टर लेन्सपासून लांब जातो, आणि सगळ्यांत अडकायची शक्यता वेगळी. जोडीचा सेट आणीबाणीला ठेवा हवं तर.

काही लेन्सवर हे काहीच चालत नाही. निकॉनची १४-२४ एफ २.८ जी घ्या, पुढची काच बाहेर फुगलेली, आटेच नाहीत. तिच्यासाठी खास मोठे चौकोनी होल्डर येतात. नेहमीच्या लेन्ससाठी १०० मिमीची चौकोनी सिस्टीम असते आणि तिथेही विचार हाच, होल्डर एक आणि प्रत्येक लेन्सला एकेक अडॅप्टर रिंग. सूर्यास्ताला आकाश गडद आणि समुद्र उजळ ठेवायचा असेल तर अर्धा काळा अर्धा पारदर्शक ग्रॅज्युएटेड फिल्टर चौकोनीच बरा, क्षितिज फ्रेममध्ये जिथे असेल तिथे वर-खाली सरकवता येतो, गोल फिल्टरमध्ये ती रेघ मधोमध अडकते. आणि ४०० एफ २.८ सारख्या लेन्स, ज्या लोक ताडोबाला भाड्यानं नेतात, त्यांचं तोंड १४० मिमीच्या वर, तेवढा फिल्टर कुठून आणणार, म्हणून त्यात मागच्या बाजूला, प्रकाशाची वाट अरुंद झालेली असते तिथे, छोटा फिल्टर सरकवायची खाच देतात. कॅननच्या ईएफ ४०० एफ २.८ आयएस मध्ये तो अवघ्या ५२ मिमीचा.

भावाची यादी शेवटी अशी ठरली : ७७ चा एक पोलरायझर, ७७ चा एनडी ६४, रिंगा ४९-७७, ५८-७७ आणि ६७-७७, त्यातली ६७ वाली पितळी कारण १०-१८ च तो सगळ्यात जास्त वापरणार, पान्यांची जोडी आणि दोन झाकणं. रिंगांवरचे आकडे झिजतात म्हणून कडेला पांढऱ्या मार्करनं मोठे लिहून ठेव असंही सांगितलं. काल रात्री त्याचा फोटो आला, पार्सल पोचलंय, पण त्यात ५८-७७ ऐवजी ७७-५८ आली आहे. पाकीट फोडू नकोस, सकाळीच बदलून घे असं कळवलंय, रविवारी ठोसेघरला जायचंय त्याच्या आत ती यायला हवी.